तिसऱ्या मजल्यावर अडणारा दरवाजा

गेल्या पावसाळ्यात पुण्यातल्या एका सात मजली सोसायटीच्या लिफ्टचे काम माझ्याकडे आले, तेव्हा आधीच्या मेकॅनिकने लाइट कर्टन (दारात कुणी आल्यास दरवाजा उघडवणारा किरणांचा पडदा) बदलला होता, डोअर ऑपरेटरचा, म्हणजे दरवाजा उघडमीट करणाऱ्या यंत्राचा, बेल्ट ताणला होता आणि आता अख्खा ऑपरेटरच बदलावा लागेल असे सेक्रेटरींना सांगून तो मोकळा झाला होता. दरवाजा मिटत येई, शेवटच्या दोन बोटांवर अडखळे आणि पुन्हा उघडे. असे तीन-चारदा झाले की लिफ्ट तिथेच थांबून राही.

मी वॉचमनला पहिल्यांदा मजला विचारला. "तिसऱ्यावरच, साहेब. बाकी कुठं नाही," तो म्हणाला. ऑपरेटर केबिनच्या माथ्यावर बसवलेला असतो आणि तिच्याबरोबर सगळे मजले फिरतो, त्यामुळे त्याची मोटर किंवा बेल्ट बिघडला असता तर त्रास सगळीकडे झाला असता. मजल्यावरच्या दरवाजाला स्वतःची मोटर नसते. केबिनच्या दरवाजावरची पकड, म्हणजे कपलर, त्याचे रोलर धरून त्याला ओढत नेतो. म्हणजे दोष तिसऱ्या मजल्याच्या दरवाजातच शोधायला हवा होता.

खाली पाटी लावली, स्टॉप स्विच दाबून मगच माथ्यावर पाय ठेवला, आणि इन्स्पेक्शन मोडवर, म्हणजे माथ्यावरच्या बटणांनी सावकाश, केबिन मीटरभर खाली घेतली, जेणेकरून कपलर सुटा होईल. मग तिसऱ्या मजल्याचे लॉक हाताने उचलून दरवाजा अर्धा उघडला आणि सोडून दिला. केबिन समोर नसताना हा दरवाजा वजनाच्या किंवा स्प्रिंगच्या ओढीने आपोआप पूर्ण मिटलाच पाहिजे, नाहीतर उघड्या शाफ्टमध्ये माणूस पडू शकतो. तो दोन बोटे उघडाच राहिला. लिफ्ट अडते यापेक्षा मला हीच गोष्ट जास्त गंभीर वाटली.

सिलच्या, म्हणजे दरवाजाच्या उंबऱ्याच्या, खोबणीत टॉर्च मारला तर कोपऱ्यात लाद्या चिकटवायच्या मालाचा दगडासारखा थर बसलेला होता. त्या मजल्यावर एका फ्लॅटचे काम चालले होते आणि सगळा माल लिफ्टनेच वर गेला होता. थर खरवडून काढल्यावरही दरवाजा जड सरकत होता, कारण तळाचे प्लास्टिकचे शू, म्हणजे खोबणीत सरकणारे गुटके, इतके झिजले होते की आतला पत्रा सिलवर घासून ताजी, चकचकीत रेघ उमटली होती. शू बदलले, वरच्या ट्रॅकवर कुणी तरी तेल सोडून धुळीचा लगदा केला होता तो कोरड्या फडक्याने पुसला आणि त्याच ट्रॅकच्या खालून टेकणारे एक्सेंट्रिक (फिरवून फट कमी-जास्त करता येणारे) रोलर जाडसर कागद जेमतेम सरकेल इतक्या फटीवर बसवले. आता दरवाजा हात सोडताच मिटू लागला.

त्यानंतर ऑपरेटरचे सेटिंग पाहिले, तर अडथळ्यावर मात करण्यासाठी मिटण्याचा जोर वाढवून ठेवलेला. याची मला खरोखर चीड येते. हा जोर 150 न्यूटनच्या, म्हणजे साधारण 15 किलो वजनाच्या, आत असावा लागतो; स्प्रिंगच्या काट्याने मधल्या टप्प्यात मोजला तेव्हा काटा 20 च्या पुढे गेला. कर्टन आहे म्हणून चालते, असे म्हणता येत नाही, कारण कर्टन बंद पडला की माणसाला वाचवायला मुख्यतः हाच आकडा उरतो. जोर उतरवून ऑपरेटरला दरवाजाची रुंदी नव्याने शिकवली, पुन्हा मोजले, काटा 12 वर थांबला.

मग बाकीचे सगळे दरवाजे तसेच हाताने उघडून सोडून पाहिले. पाचव्या मजल्याचाही मिटताना रेंगाळला. त्याचेही शू त्याच दिवशी बदलले.