स्पायरोमेट्री, मेणबत्त्या आणि आमचा अंपायर

आमच्या चिरंजीवांना पाचव्या वर्षापासून दमा, आता वय आठ. रोजचा पंप चालू होता पण दिवाळीनंतर महिनाभर खोकला नाही की घरघर नाही, म्हणून आम्हीच तो हळूहळू बंद करून टाकला (पंपाची सवय लागते हे सासूबाईंचं पालुपद होतंच साथीला). फॉलोअपला डॉक्टर मॅडमनी विचारलं कसा आहे, मी म्हटलं एकदम मस्त. तरी म्हणाल्या एकदा स्पायरोमेट्री (यंत्रात फुंकर मारून श्वास मोजायची टेस्ट) करून या.

पहिल्यांदा जिथे गेलो तिथे नुसता गोंधळ. तिथला माणूस "जोरात! अजून! अजून!" म्हणून ओरडत होता, पोरगं घाबरलं, नळीच्या कडेने हवा सोडत होतं, तीन फुंका झाल्या की रिपोर्ट हातात. त्यावर लिहिलेलं 'रिस्ट्रिक्टिव्ह', म्हणजे फुप्फुसात हवाच कमी मावते. रात्रभर गुगल करून माझीच छाती भरून आली. मॅडमनी ग्राफ बघितला नि बाजूला ठेवला. म्हणाल्या, अहो फुंकर अर्ध्यातच तुटलीये, हवा पूर्ण बाहेर आली नाही तर आकडा कमीच येणार, आणि तिन्ही रेघा तीन दिशांना, यावरून काहीच सांगता येत नाही.

मग लहान मुलांची टेस्ट करतात अशा ठिकाणी पाठवलं. जायच्या आधी चार तास धाप लागल्यावर घ्यायचा पंप द्यायचा नाही (त्रास झालाच तर अर्थात द्यायचा, टेस्ट पुढे ढकलायची), पोट गच्च भरून न्यायचं नाही. तिथल्या ताईंनी आधी नुसता खेळ केला, नाकाला चिमटा लावून दाखवला, मग स्क्रीनवर मेणबत्त्या, फुंकर मारून विझवायच्या, आणि विझल्या तरी थांबायचं नाही, आतली हवा संपेस्तोवर सोडत राहायचं. सहा-सात वेळा फुंकल्यावर तीन फुंका एकसारख्या आल्या. पहिल्या एका सेकंदात किती हवा बाहेर पडते तो आकडा, एफईव्ही-वन, आला १.१२ लिटर. मग स्पेसरमधून (पंपाला जोडायची प्लास्टिकची नळकांडी) धाप लागल्यावरच्या पंपाचे चार पफ, पंधरा मिनिटं बिस्किट न देता बसवून ठेवणं (हे सगळ्यात अवघड), परत फुंकर, तर १.३२. म्हणजे १८ टक्के वाढ. १२ च्या वर गेली की श्वासाच्या नळ्या आवळलेल्या होत्या आणि पंपाने मोकळ्या झाल्या असं धरतात म्हणे. म्हणजे माझ्या "एकदम मस्त" पोराच्या नळ्या आवळलेल्याच होत्या!

मॅडमनी मग मला सोडून त्यालाच विचारलं, क्रिकेट खेळतोस का? हो. काय करतोस, बॅटिंग? तर म्हणतो "मी अंपायर असतो." मला वाटायचं त्याला आवड आहे अंपायरिंगची, घरी सुद्धा हात वर करून आउट देत फिरायचा. धावलं की दम लागतो हे त्याने कुणाला सांगितलंच नव्हतं, स्वतःच उभं राहायचं काम शोधून घेतलेलं.

रोजचा पंप परत सुरू. तीन महिन्यांनी पंप देण्याआधीचाच आकडा मागच्या १.३२ च्या पुढे. मी लगेच विचारलं आता बंद करू का, तर नाही. अटॅक नसताना मुलांचा रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो, म्हणून रात्री खोकून उठतो का, धाप लागल्यावरचा पंप आठवड्यात दोनपेक्षा जास्त वेळा लागतो का, पळतो का, हे दरवेळी सांगायचंच.

घरी आता पीक फ्लो मीटर (फुंकरीचा वेग मोजायचं छोटं यंत्र) आहे, सकाळी उभं राहून तीन फुंका, त्यातली मोठी वहीत लिहायची. नेहमी २१०-२२० येतं, एका सकाळी एकदम ३४०! मी खूश होऊन मॅडमना फोटो पाठवला. त्यांनी व्हिडिओ मागवला. साहेब जिभेने थुंकल्यासारखं फट्कन मारत होते, तसं केलं की काटा उगाच वर जातो म्हणे. वहीतला ३४० खोडला, तर अंपायर साहेब माझ्यावरच रुसले.