आमची वाटचाल: चावी आमच्याकडे, सरडा त्याच्याच घरी

मालक गावाला गेले की त्यांच्या घरी जाऊन त्यांचे पाळीव कॅमेलियन, म्हणजे रंग बदलणारे सरडे, सांभाळायचे हा आमचा धंदा. बरेच जण विचारतात की तुम्ही या धंद्यात आलात कसे, म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढतोय.

२०१७ साली आम्ही इंग्लंडात रेडिंगला राहत होतो, मी आयटीत कॉन्ट्रॅक्टवर आणि ही घरी. हिचं झूलॉजीत एमएस्सी झालेलं, कोल्हापूरला, पण इथे तिला मनासारखं काम काही मिळत नव्हतं. आमच्या वरच्या फ्लॅटमध्ये एक पोलिश जोडपं होतं, त्यांच्याकडे येमेन कॅमेलियन. हा मूळचा येमेन आणि सौदीकडचा, डोक्यावर उंच तुरा असतो. घरचं लग्न होतं म्हणून ते दहा दिवस गावी निघाले आणि जाताना आमच्याकडे चावी आणि एक कागद देऊन गेले. कागदावर दोनच ओळी, एक दिवसाआड पाच-सहा टोळ द्या आणि रोज दोनदा पाणी फवारा.

आम्ही अगदी तसंच केलं, सकाळी जायचं, चार फवारे मारायचे, टोळ सोडायचे आणि दार लावून खाली यायचं. तिसऱ्या दिवशी ही म्हणाली, अरे याचे डोळे खोल गेल्यासारखे वाटतायत आणि खाली पडलेली घाण बघ, पांढरा भाग असतो ना तो नारिंगी झालाय, याला पाणी कमी पडतंय. आता कॅमेलियन वाटीतलं पाणी सहसा पीतच नाही, त्याला ते साठलेलं पाणी दिसतच नाही म्हणा ना, पानावरून ओघळणारा थेंब हलला चमकला तरच त्याला कळतं की हे पाणी. मग ही बाटली घेऊन तिथेच उभी राहिली, पाच मिनिटं, दहा मिनिटं, मनीप्लांटच्या प्रत्येक पानाच्या टोकाला थेंब लोंबेपर्यंत फवारत राहिली, आणि मग तो हळूहळू, वाऱ्यावर डहाळी हलावी तसा पुढेमागे झुलत आला, एक डोळा आमच्यावर आणि एक पानावर, आणि थेंब चाटायला लागला. चाटतच राहिला. आम्ही दोघं श्वास रोखून बघत होतो. आमचा धंदा खरं तर त्या दिवशी सुरू झाला, रजिस्ट्रेशन नंतर झालं.

त्यांनी परत आल्यावर चार ओळखीच्यांना सांगितलं, त्या चौघांनी अजून कुणाला, आणि २०१८ च्या उन्हाळ्यात आमच्याकडे अकरा गिऱ्हाइकं झाली. आई फोनवर विचारायची, बाळा पोट भरतं ना रे त्यात? तेव्हा भरत नव्हतं, एका व्हिजिटचे आठ पाउंड घ्यायचो आणि बसभाड्यातच दोन-तीन जायचे. पण ही म्हणाली आपण हे नीट करू, म्हणून विमा काढला, दोघांचाही पोलिस रेकॉर्डचा दाखला घेतला. त्याच वर्षी ऑक्टोबरपासून इंग्लंडात कुत्री-मांजरं ठेवून घेणाऱ्यांना कौन्सिलच्या लायसन्सचे नवे नियम आले, सरड्यांना ते लागू नव्हते, तरी आम्ही ते वाचून काढले आणि नोंदवही ठेवण्याची शिस्त तिथूनच उचलली.

एक चूक मात्र मोठी झाली आणि ती सांगायलाच हवी. जायचा यायचा वेळ वाचावा म्हणून आम्ही काही दिवस जनावरं आमच्याच घरी आणून ठेवायला लागलो. दोन नर आणले, एक हॉलमध्ये एक बेडरूममध्ये, पण दार उघडं राहिलं की दोघं एकमेकांना दिसायचे. त्यातला एक काळपट पडला, अंग चपटं करून फांदीमागे लपून बसला, आठ दिवस अन्नाला शिवला नाही. लोकांना वाटतं सरडा लपायला रंग बदलतो, तसं फार थोडं असतं, जास्त करून तो आपली भीती, राग, थंडी-ऊन रंगातून दाखवतो, आणि हा सांगत होता की मला इथून न्या. घरी परत नेल्यावर चौथ्या दिवशी त्याने पहिला टोळ घेतला. त्यानंतर आजपर्यंत आम्ही एकही कॅमेलियन जागेवरून हलवलेला नाही, कितीही पैसे देऊ केले तरी.

दुसरी गोष्ट एका मादीची, २०१९ ची. मालकीणबाई दोन आठवडे बाहेर, पाचव्या दिवशी बघतो तर मादी फांदी सोडून पिंजऱ्याच्या तळाशी फिरतेय, कोपरे खरवडतेय, खायला नको. नर जवळ नसला तरी येमेन माद्या अंडी धरतात हे हिला माहीत होतं, आणि अंडी घालायला जागा मिळाली नाही तर ती पोटातच अडकून मादी जाते हेही. व्हेटला, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरला, फोन केला, त्यांनी सांगितल्याप्रमाणे खोल बादलीत ओलसर वाळू भरली, मुठीत दाबली तर लाडवासारखी राहील इतकीच ओली, पिंजऱ्याला चादर गुंडाळली आणि खोलीत कुणी जायचं नाही असं ठरवलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वाळू वरून सारखी केलेली होती आणि ती दमून फांदीवर बसलेली. खाली अडतीस अंडी निघाली. मालकीणबाई फोनवर रडल्या, आणि खरं सांगतो, आम्हीपण. तेव्हापासून मादी असेल तर वाळूची बादली आधीपासून ठेवलेली असल्याशिवाय आम्ही काम घेत नाही.

२०२० मध्ये लॉकडाउन लागला आणि कुणी कुठे जाईना, आमचं उत्पन्न शून्य. माझ्या नोकरीवर घर चाललं, त्याबद्दल जास्त काय लिहायचं.

आता आमच्याबरोबर अजून दोघी जणी काम करतात. एका व्हिजिटला चौदा पाउंड आणि पाऊण तास. पाऊण तास कशाला, दहा मिनिटांत होतं की, असं म्हणणारे अजून भेटतात. त्या वेळात फवारणी होते, दिवा आणि यूव्हीची (अतिनील किरणांची) ट्यूब वेळेवर लागतेय का बघतो (लाइट जाऊन आली की साधा टायमर तेवढाच मागे पडतो आणि रात्री दिवे जळत राहतात, हे तीनदा पकडलंय), टोळांना कॅल्शियमची पूड लावतो, न खाल्लेले किडे वेचून काढतो, कारण तो झोपला की रातकिडे त्यालाच चावतात. आणि मग नुसतं बघत उभं राहतो. दिवसा डोळे मिटलेले दिसले की लगेच मालकाला फोटो.

पुण्या-मुंबईचे मित्र विचारतात की आम्हालाही पाळता येईल का रे. आपल्याकडचा कॅमेलियन १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे, त्याला घरात आणायचं नाही, रस्त्यावर दिसला तर गाडी थांबवून पलीकडे जाऊ द्यायचं, एवढं केलंत तरी मला फार बरं वाटेल.

इथल्या मंडळींना एकच विनंती, डिसेंबरात भारतात जाणार असाल तर ऑक्टोबरातच सांगा. निघायच्या आधी आम्ही दोनदा येऊन जातो, तुम्ही समोर असताना, म्हणजे कुठल्या फांदीवर तो झोपतो आणि कुठल्या पानावरचं पाणी पितो ते आम्हाला कळतं आणि त्यालाही आमची सवय होते.