झूम कॅमेऱ्याचं पाऊच: भंडाऱ्याची परीक्षा आणि पाचवा उमेदवार

शेवटी पाऊच ठरलं. तीन विकत घेतलेली, एक मित्राकडून मागून आणलेलं आणि एक घरातल्या हार्डडिस्कचं, अशा पाच जणांच्या मुलाखती झाल्या तेव्हा कुठे.

कॅमेरा म्हणजे कॅननचा पॉवरशॉट एसएक्स ७४० एचएस. ४० पट झूम, म्हणजे लेन्सचा पल्ला ३५ मिमी फिल्मच्या हिशेबात २४ ते ९६० मिमी, आणि बॅटरी-कार्डासकट वजन २९९ ग्रॅम. खिशात मावतो, म्हणून पाऊच कशाला असं पहिल्यांदा मलाही वाटलं होतं. याच्या आधीचा छोटा झूम कॅमेरा मी तसाच शर्टाच्या खिशात बाळगायचो. एका सोमवती अमावास्येला तो जेजुरीला घेऊन गेलो. पडला नाही, भिजला नाही, कुणाचा धक्काही लागला नाही. गडाच्या पायऱ्यांवर भंडारा उधळत होते आणि मी मजेत झूम आत-बाहेर करत होतो, एवढंच झालं. अशी लेन्स म्हणजे लोहाराचा भाता. नळी बाहेर आली की आतली जागा वाढते, ती भरायला फटींतून हवा ओढली जाते आणि हवेबरोबर जे असेल ते आत येतं. त्या दिवशी हवेत भंडारा होता. घरी येऊन पाहतो तर आभाळाच्या प्रत्येक फोटोत ठिपके. पूर्ण झूमवर तर जास्तच, कारण तिथे अॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं प्रकाश आत सोडणारं भोक, बारीक होतं आणि सेन्सरवरचा, म्हणजे चित्र टिपणाऱ्या चिपवरचा, कण आणखी ठळक उमटतो. ही लेन्स काढता येत नाही, त्यामुळे घरी फुंकर मारून भागत नाही. दुरुस्तीचा आकडा ऐकला आणि कॅमेरा फडताळात गेला.

म्हणून या वेळी शोध धक्क्यासाठी नव्हता, धुळीसाठी होता. दुकानात मात्र सगळे फोमची जाडीच दाबून दाखवतात.

आधी मापं. कॅमेरा ११०.१ × ६३.८ × ३९.९ मिमी. मी पुठ्ठ्याचे तुकडे एकावर एक चिकटवून याच मापाचा ठोकळा केला, त्याला मनगटाची दोरी बांधली आणि मुंबईला गेलो तेव्हा बोरा बाजारात तो घेऊन फिरलो. दुकानदार हसले, पण खरा कॅमेरा दहा पाऊचांत कोंबून काढण्यापेक्षा हे बरं. पाऊचवर लिहिलेलं माप बरेचदा बाहेरचं असतं, फोम वजा केला की आतली जागा चांगलीच आक्रसते. हार्डडिस्कचं कडक कवच लांबी-रुंदीला छान बसलं, पण जाडीत हरलं. चपट्या वस्तूसाठी केलेल्या कवचाला चार सेंटिमीटर म्हणजे डोंगर. चेन लागली, पण कवच फुगलं, आणि ते बाद झालं.

घट्ट पाऊचचं दुखणं नीट समजून घ्या, कारण मला ते उशिरा कळलं. कॅमेरा चालू करायचं बटण वरच्या अंगाला. पाऊच दाबलं गेलं आणि बटण लागलं, तर लेन्स बाहेर यायला बघते आणि समोर भिंत. नळी हलवणाऱ्या चाकांचे दात प्लास्टिकचे, मोटर चिमुकली. तोंडासमोरची उघडझाप करणारी पातीही नाजूक. म्हणून माझी चाचणी अशी: बंद कॅमेरा आत घालायचा, चेन लावायची आणि गर्दीत बाजूचा माणूस रेलेल तसं चारही बाजूंनी तळहाताने दाबायचं. दुसऱ्या उमेदवाराच्या पोटातून ‘टुंग’ असा आवाज आला. हृदय थांबलं, चेन ओढली, थोडक्यात वाचलो. आता बटणाच्या बाजूला किमान एक बोट शिरेल एवढी जागा असल्याशिवाय मी पाऊच हातातच घेत नाही. फार सैलही नको, नाहीतर चालताना कॅमेरा आत नाचतो.

मग हळदीची चाचणी. जेजुरीहून आणलेला भंडारा वापरणार होतो, आई म्हणाली, “देवाचा भंडारा असल्या उद्योगाला लावायचा नाही.” मग स्वयंपाकघरातली हळद. पाऊचमध्ये पुठ्ठ्याचा ठोकळा पांढऱ्या कागदात गुंडाळून ठेवला, पाऊच मोठ्या प्लास्टिक पिशवीत घातलं, दोन चमचे हळद टाकली, पिशवीचं तोंड आवळलं आणि दोन मिनिटं घुसळलं. वेल्क्रोचं झाकण असलेल्या पाऊचमध्ये कागद दोन्ही बाजूंनी पिवळा. झाकण समोरून चिकटतं, पण कडेला बोटभर फटी राहतात. मित्राच्या चामड्याच्या पाऊचला चुंबकाचं बटण, त्याची गतही तीच, फक्त दिसायला रुबाबदार. साध्या चेनवाल्यात कागदावर बारीक ठिपके. पाचव्याच्या चेनवर कापडाची पट्टी आहे, त्यात कागद जवळजवळ कोरा निघाला. फक्त एका कोपऱ्यात पिवळा डाग, चेन जिथे संपते तिथल्या भोकातून आलेला. बॅग शिवणाऱ्या काकांकडून तिथे सायकलच्या ट्यूबचा तुकडा आतून लावून घेतला. पुन्हा घुसळलं, कागद स्वच्छ. ओटा पुसायला अर्धा तास लागला, तो वेगळा.

अस्तराकडेही बघा. लव असलेलं मऊ अस्तर हाताला गोड लागतं, पण नव्या पाऊचची लव सुटते आणि लेन्सच्या कडेला चिकटते. मी ते उलटं करून रुंद चिकटपट्टीने तीनदा झाडलं. पहिल्या पट्टीवर आलेली लव पाहून लाज वाटली.

कॅमेरा ठेवताना लेन्स अंगाकडे, स्क्रीन बाहेर. स्क्रीनवर मुदत संपलेलं एटीएम कार्ड, ते तीन इंची पडदा आरामात झाकतं. जादा बॅटरी याच पाऊचमध्ये नाही, ती वेगळ्या पिशवीत, आणि सुट्ट्या नाण्यांपासून लांब. पट्ट्याची कडी शिवलेली हवी. वेल्क्रोची कडी गर्दीत कुणीही सोडवेल. पाऊच उभं लटकलं तर एसटीच्या सीटवर बसताना फासळीत घुसतं, आडवं बरं. चेन वरच्या अंगाला उघडते, त्यामुळे ती विसरली तरी कॅमेरा लगेच पायाशी येत नाही.

पावसाळ्यात मात्र कॅमेरा पाऊचमध्ये ठेवून कपाटात टाकायचा नाही. कापड आणि फोम ओल धरतात, चामडं तर विचारू नका, आणि लेन्सवर बुरशी चढते. घरी आल्यावर कॅमेरा हवाबंद डब्यात, सोबत सिलिका जेल, म्हणजे ओल शोषणारे दाणे. निळे दाणे गुलाबी झाले की तापवून वाळवायचे. पाऊच दोरीवर, पंख्याखाली. याउलट एसीच्या गाडीतून दमट हवेत उतरताना पाऊच लगेच उघडायचं नाही. गार काचेवर बाष्प धरतं. मी चहा होईपर्यंत चेनला हात लावत नाही.

एक गोष्ट पाऊचने सुटत नाही. फोटो काढताना कॅमेरा बाहेरच असतो. त्यासाठी सध्या साधी योजना आहे: पारदर्शक पिशवी, लेन्सपुरतं भोक, रबर, आणि उधळण चालू असताना झूमला हात लावायचा नाही, आधीच ठरवलेल्या टप्प्यावर ठेवायचा. दोन अडचणी दिसतात. लेन्सच्या कडेला रबर घट्ट बसलं तर नळी अडते, आणि सैल बसलं तर पिशवी फोटोत येते. फुग्याचा गळा कापून बघणार आहे. कुणी केलं असेल तर कोणत्या मापाचा फुगा चालला ते सांगा.