‘बघू’ म्हणजे हो की नाही?

मंगळवार, रात्री

आज डोक्यात एकच शब्द घोळतोय: ‘बघू’. मराठीत नकाराचं याहून सभ्य रूप नसेल. ‘शनिवारी येतोस ना?’ ‘बघू.’ सरळ बोलायची सवय असलेला माणूस हे ऐकून खुर्ची राखून ठेवतो. ‘बघू’ म्हणणाऱ्याच्या लेखी मात्र विषय कधीच संपलेला असतो. यात खोटं कोणीच बोललेलं नसतं, आणि शनिवारी राग मात्र दोघांनाही येतो.

खूण एकच, ‘बघू’च्या मागे वेळ किंवा अट जोडलेली आहे का. ‘गुरुवारी रजेचं कळेल, मग सांगतो’ हा खरा बघू. नुसताच ‘बघू रे’, तोही लांबवलेला, म्हणजे नाही. अशा वेळी ‘येणार की नाही ते सांग’ म्हणून कोंडीत पकडलं तर समोरचा सुटकेसाठी ‘हो’ म्हणतो आणि येत नाही. त्यापेक्षा ‘तुला धरून आकडा सांगू की सोडून?’ असं विचारावं. यात नाही म्हणणं सोपं जातं, म्हणून उत्तर खरं मिळतं.

‘हो’चंही तसंच. फोनवरचं ‘हो… हो… हं’ म्हणजे ‘ऐकतोय’. ते ‘मान्य’ समजून काम सुरू केलं की फसगत. ‘समजलं ना?’ हा प्रश्न तर निरुपयोगीच, त्याला ‘हो’शिवाय उत्तर नाही. ‘मग आता पहिल्यांदा काय करशील?’ असं विचारलं की काय पोचलं ते लगेच कळतं.

शब्दांपेक्षा जास्त भांडणं लावते ती मधली शांतता. 2009 साली दहा भाषांमधल्या प्रश्नोत्तरांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंतचा वेळ सरासरी सेकंदाच्या पाचव्या भागाइतका निघाला. जपानी सर्वांत झटपट, डॅनिश सर्वांत सावकाश, आणि दोघांमधला फरक जेमतेम अर्ध्या सेकंदाचा. एका भाषेतल्या दोन माणसांतही असा फरक असतोच. झटपट बोलणाऱ्याला वाटतं, याला काही सांगायचं नाही. सावकाश बोलणाऱ्याला वाटतं, हा मला बोलूच देत नाही. प्रश्न विचारून झाला की मनात तीन आकडे मोजावेत. व्हिडिओ कॉलवर पाच, कारण आवाज उशिरा पोचतो.

मध्येच बोलणारा प्रत्येक जण उद्धट नसतो, हेही खरं. काही घरांत दुसऱ्याचं वाक्य उचलून पुढे नेणं म्हणजेच जिव्हाळा. तो समोरच्याचंच वाक्य पुढे नेतोय की विषय पळवतोय, एवढं पाहिलं तरी पुरे.

ऑफिसात सगळ्यात घोळ घालणारा शब्द ‘आपण’. ‘आम्ही’त ऐकणारा नसतो, ‘आपण’मध्ये असतो, आणि आदरार्थी ‘तुम्ही’साठीही पुन्हा ‘आपण’च. साहेब म्हणतात, ‘आपण हे उद्यापर्यंत करून टाकू.’ त्यांच्या मनात ‘तू कर’ असतं; ऐकणारे तिघं एकमेकांकडे बघतात आणि परवा कळतं की कोणीच केलं नाही. बैठक उठण्याआधी कामापुढे नाव आणि वार लिहावा. विचारायला अवघड वाटत असेल तर ‘हे माझ्याकडे धरू का?’ पुरतं.

‘तू’ कुणाला आणि ‘तुम्ही’ कुणाला, हे घराघराप्रमाणे बदलतं, त्यावरून माप काढू नये. लक्ष ठेवावं ते बदलावर. रोज ‘तू’ म्हणणारा एकाएकी ‘तुमचंच बरोबर आहे’ म्हणाला, तर मुद्दा तिथेच सोडावा आणि चहा मागवावा.