के-७ची नोंद: मला न येणारा वास

मागच्या नोंदीत के-६, म्हणजे माझ्या घरगुती कस्तुरी अत्तराची सहावी जुळवणी, मुरायला ठेवल्याचे लिहिले होते. तीन आठवड्यांनी कुपी उघडली, नऊ जणांना फाये दिले आणि त्या नऊ उत्तरांनी चार महिन्यांच्या कामाचा पायाच उखडला. चौघांनी, एकमेकांशी काहीही न बोलता, कपडे धुण्याच्या पावडरीचे नाव घेतले. दोघांना मोगऱ्याखाली काहीच जाणवले नाही. एकीला लहान बाळाच्या अंगाला लावायच्या पावडरीची आठवण झाली, एकाने नुसतेच ‘उग्र’ म्हटले, आणि माझ्या सासूबाईंनी फाया कानामागे न ठेवता उंबऱ्यावर ठेवून दिला. मला स्वतःला मात्र त्यात मोगरा, हीना आणि त्यांच्या तळाशी पुसटशी जवादी (जवादी मांजराच्या ग्रंथीसारखा दर्प) एवढेच येत होते. कस्तुरीचा मऊपणा अजून कमीच आहे, असे माझे ठाम मत होते.

गॅलॅक्सोलाइड, म्हणजे कस्तुरीच्या वासाचे एक कृत्रिम द्रव्य (मस्क), मला फिकट वाटते हे मी के-४पासून लिहीत आले आहे. माल पातळ केलेला असावा, या संशयावरून मी दुसऱ्या विक्रेत्याकडूनही ५० टक्क्यांचे द्रावण मागवले होते आणि पहिल्या विक्रेत्याविषयी मागच्या नोंदीत जे शेरे मारले होते ते आज मुकाट्याने मागे घेते. के-४मध्ये ते ६ टक्के होते, के-५मध्ये ११ आणि के-६मध्ये १८. म्हणजे २० ग्रॅमच्या जुळवणीत ३.६ ग्रॅम. वास येत नाही म्हणून मी वाढवत गेले, आणि ज्यांना तो येतो त्यांच्यासाठी घरात धोब्याची भट्टी लागली.

हे लक्षात आले ते बहिणीमुळे. ती के-६चा ब्लॉटर (वासाची कागदी पट्टी) हुंगून म्हणाली, “ताई, तुला हे खरंच येत नाही?” मग आम्ही रीतसर चाचणी केली. तीन पट्ट्या घ्यायच्या, दोन नुसत्या आयपीएम या बिनवासाच्या द्रावकात बुडवलेल्या आणि एक गॅलॅक्सोलाइडची; मागच्या बाजूला पेन्सिलीने खूण; बहिणीने माझ्या पाठीमागे त्या फिरवायच्या आणि वेगळी कोणती ते मी सांगायचे. अशा बारा खेपा झाल्या. डोळे मिटून अंदाजाने उत्तरे दिली असती तरी सरासरी चार बरोबर आली असती. माझी पाच आली. त्याच पद्धतीने एक टक्का मस्कोन (अस्सल कस्तुरीतले मुख्य सुगंधी द्रव्य) बाराच्या बारा वेळा ओळखता आले आणि एथिलीन ब्रॅसिलेट हे दुसरे कृत्रिम मस्क दहा वेळा. थोडक्यात, माझे नाक शाबूत आहे, फक्त त्यातले एक दार बंद आहे, आणि त्याच दारासमोर उभी राहून मी गेले चार महिने हाका मारत होते.

यात नवल वाटण्यासारखे फार काही नाही. कस्तुरीवर्गातले रेणू आपल्या हाताळण्यातल्या जड रेणूंपैकी आहेत, आणि इतके जड रेणू काही नाकांना येतच नाहीत. मस्कोनचा रेणुभार २३८, गॅलॅक्सोलाइडचा २५८, एथिलीन ब्रॅसिलेटचा २७०. शिवाय ते सगळे नाकातल्या एकाच ग्राहीवर (वास टिपणाऱ्या प्रथिनावर) बसतात असेही नाही. मस्कोनला नेमका प्रतिसाद देणारा माणसाच्या नाकातला ग्राही जपानी संशोधकांनी २०१४ साली दाखवून दिला. मस्कोन हे पंधरा कार्बनांचे एकच मोठे कडे आहे, तर गॅलॅक्सोलाइड एकमेकांना चिकटलेल्या तीन लहान कड्यांचे आहे; त्यामुळे एक येतो आणि दुसरा येत नाही अशी माणसे पुष्कळ सापडतात. व्यावसायिक मंडळी एकाच जुळवणीत चार-पाच मस्क का घालतात, हे मी अनेकदा वाचले होते. ती श्रीमंती मिरवण्याची रीत असावी असे मला वाटायचे. एक चुकला तर दुसरा पोहोचावा, असा तो साधा हिशोब आहे.

इथे थोडे विषयांतर करते, कारण मागच्या नोंदीनंतर दोघांनी ‘अस्सल कस्तुरी’ कुठे मिळेल असे विचारले आहे. कस्तुरीमृग वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२च्या पहिल्या अनुसूचीत आहे. अस्सल कस्तुरी विकणारा एक तर खोटे बोलतो आहे किंवा गुन्हा करतो आहे. मी एका दुकानातून हौसेने आणलेले ‘शुद्ध कस्तुरी तेल’ बहिणीच्या नाकाखाली धरले तेव्हा तिने पुन्हा तीच धुण्याची पावडर सांगितली. मला त्यात काहीच आले नव्हते, आणि ‘फारच तलम माल आहे’ असे म्हणून मी तेव्हा त्याचे कौतुकही केले होते! आपल्याला कस्तुरीमृगाच्या नाभीची गरजही उरलेली नाही. १८८८ साली आल्बर्ट बाउर स्फोटक द्रव्यांच्या मागे असताना त्याच्या हाती पहिला नायट्रो मस्क, म्हणजे कृत्रिम कस्तुरी, लागला, आणि १९२६ साली रुझिच्का या रसायनशास्त्रज्ञाने मस्कोन व जवादीतले सिव्हेटोन यांची मोठी कडी उलगडून दाखवली. एवढ्या मोठ्या कड्या टिकूच शकत नाहीत असे तोवर रसायनशास्त्रज्ञ मानत असत. रुझिच्काला १९३९ सालचे नोबेल मिळाले त्यात या कामाचाही वाटा होता. माझ्या फळीवरचे सिव्हेटोनही प्रयोगशाळेतलेच आहे. पिंजऱ्यात कोंडलेल्या जवादी मांजराच्या ग्रंथी खरवडून काढलेला माल मला फुकट मिळाला तरी नको.

आता के-७. दोष सापडला म्हणून मी उत्साहात गॅलॅक्सोलाइड थेट ४ टक्क्यांवर आणले, बाकी काहीही न बदलता कुपी भरली आणि दोन आठवड्यांनी उघडली, तर आत सरळ गोठा होता. एरवी सौम्य बोलणाऱ्या शेजारच्या काकूंनीही रुमाल नाकाला लावला. कारण शोधायला मला दोन दिवस लागले, ते खरे तर दोन मिनिटांचे काम होते. जवादीच्या बेसमध्ये (आधी करून ठेवलेल्या मिश्रणात) सिव्हेटोनबरोबर मी जनावरी दर्पाचे स्कॅटोल आणि पॅराक्रेसिल अ‍ॅसिटेट घालते. स्कॅटोलचे नावच विष्ठेसाठीच्या ग्रीक शब्दावरून आलेले आहे आणि क्रेसॉल तर गोमूत्रातही असते. गॅलॅक्सोलाइडची गोडसर, साबणी चादर इतके दिवस या दोघांवर पसरलेली होती. ती मला येत नसल्यामुळे तिच्याखाली किती लपले आहे हेही मला कळले नाही, आणि रोज हुंगून हुंगून स्कॅटोलला माझे नाक केव्हाच सरावले होते. म्हणजे एक वास मला मुळातच येत नव्हता, दुसरा सवयीने येईनासा झाला होता, आणि या दोन्हींच्या मात्रा मीच ठरवत होते.

तरी के-७ने एक गंमत दाखवली. आमच्या इमारतीतल्या एका आजींनी, ज्यांचे माहेर सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यातले आहे, फाया दोनदा हुंगला आणि “पहाटे धार काढायला गेलं की असं यायचं,” असे म्हणून तो पदराच्या टोकाला बांधून घेतला. ज्या कुपीने काकूंच्या नाकाला रुमाल लावला, तिनेच आजींना माहेराची आठवण करून दिली. पाठोपाठ मी आणखी एक खोडी केली. सहा जणांना एकाच कुपीतल्या पट्ट्या आठवड्याच्या अंतराने दिल्या. पहिल्या वेळी पाकिटावर ‘कस्तुरी’ लिहिले होते आणि दुसऱ्या वेळी ‘जवादी मांजर’. पहिल्या वेळी चौघांना वास ‘देवघरातला’, ‘जुना’, ‘उबदार’ वाटला. दुसऱ्या वेळी त्याच चौघांपैकी तिघांनी नाक मुरडले. कस्तुरी आपल्याकडे विठ्ठलाच्या कपाळीच्या मळवटात असते, तिचे नाव निघाले की माणूस अर्धा हात जोडतो. प्रत्यक्षात तीही एका प्राण्याच्या ग्रंथीतलाच उग्र दर्प आहे, आणि पातळ केल्यावाचून ती कोणाला सोसवत नाही. अंबरच्या पट्टीबाबत तर एका भाच्याने ‘ही व्हेलची उलटी नाही ना, पोलीस येतील,’ अशी चौकशी केली. कोकणातल्या जप्तीच्या बातम्यांचा हा परिणाम. ते अँब्रॉक्सन, म्हणजे कृत्रिम अंबर आहे आणि क्लॅरी सेज नावाच्या झाडापासून निघते, हे त्याला पटवायला चहा संपला.

आता के-८. मूळ बेत असा होता की स्कॅटोल पूर्ण काढून टाकावे. बेस तसा करूनही पाहिला. वास स्वच्छ झाला आणि मोगरा कागदी फुलासारखा निर्जीव झाला. खऱ्या मोगऱ्यातही स्कॅटोलचे भावंड असलेले इंडोल असते, त्या किंचित कुजकट धारेशिवाय फूल जिवंत वाटत नाही. म्हणून स्कॅटोल ठेवायचे, पण दसपटीने कमी करायचे: आजवर ०.१ टक्क्याचे द्रावण ०.४ ग्रॅम पडत होते, आता तेवढेच ०.०१ टक्क्याचे पडेल. पॅराक्रेसिल अ‍ॅसिटेटही त्याच प्रमाणात खाली. ज्यांचा वजनकाटा फक्त दोन दशांश स्थळे दाखवतो त्यांनी या मात्रा थेट मोजायच्या फंदात पडू नये, द्रावणाचे द्रावण करावे. माझे दोन बेस काट्याच्या लहरीपायी वाया गेले आहेत.

एक छोटा विजय मात्र मनापासून नोंदवते. काष्ठौषधींच्या दुकानातून आणलेली लताकस्तुरी, म्हणजे कस्तुरीभेंडीचे बी, दीड महिना परफ्युमर्स अल्कोहोलमध्ये मुरत होते आणि परवा गाळले. बी अख्खेच घातले होते, कारण सुगंधी तेल टरफलात असते आणि बी कुटले की आतली चरबी उतरून सगळे मेणचट होते. पहिल्या खेपेला मी मिक्सर फिरवून हा धडा घेतला होता. या वेळी कुपीत पेअर आणि कोन्याक यांच्यामधला कुठलासा वास, आणि पट्टी वाळल्यावर अंगावरच्या स्वच्छ त्वचेसारखी ऊब आली. त्यातल्या अँब्रेटोलाइड या नैसर्गिक मस्कची ही करामत असावी. सासूबाईंनी हा फाया कानामागे ठेवला, आणि दुपारी झोपून उठल्यावरही तो तिथेच होता.

के-८मध्ये मस्कचा भार हबानोलाइड (आणखी एक कृत्रिम मस्क), एथिलीन ब्रॅसिलेट आणि लताकस्तुरी यांच्यावर समसमान टाकायचा, असे काल रात्रीपर्यंत ठरले होते. हे लिहिता लिहिता मात्र ते मला पुन्हा माझ्याच नाकाचे गणित वाटू लागले आहे. त्यापेक्षा आधी नऊच्या नऊ जणांना प्रत्येक मस्कची तीन पट्ट्यांची चाचणी द्यावी, कोणाला काय येते आणि काय येत नाही याचा तक्ता करावा, आणि मगच मात्रा ठरवाव्यात. ज्या दोघांना के-६मध्ये काहीच जाणवले नाही, ते बहुधा माझ्याच जातकुळीतले निघतील. गॅलॅक्सोलाइड ४ टक्क्यांवरच राहील, पण त्याचा काटा बहिणीच्या हाती असेल. ती ‘थांब’ म्हणाली की थांबायचे. शनिवारी ती येते आहे. येताना पट्ट्यांसाठी जाड कागद घेऊन ये म्हणून सांगितले आहे, कारण मागच्या वेळी वापरलेल्या पातळ कागदाला स्वतःचाच लगद्याचा वास होता आणि तो मात्र मला अगदी स्पष्ट येत होता.