तुम्ही विचारलेत म्हणून : भयपटच का?

खेळ संपून दिवे लागले की कोणीतरी उठते आणि अत्यंत सौजन्याने विचारते की, एवढी जाण असताना तुम्ही भयपटच का करता. एकाच प्रकारात रमणाऱ्या दिग्दर्शकाला कलावंत म्हणायचे की तरबेज कारागीर? आजवर मी हसून वेळ मारून नेली. आता मात्र उत्तर देते, कारण त्या प्रश्नातला 'च' मला झोंबतो.

थरारपटांतच रमलेला दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक, त्याची ढाल मी पुष्कळदा पुढे केली आहे. दिग्दर्शनाच्या ऑस्करसाठी त्याला पाच वेळा नामांकन मिळाले, पुरस्कार एकदाही नाही. आणि त्याचाच १९५८ सालचा 'व्हर्टिगो' २०१२ मध्ये 'साइट अँड साउंड' या ब्रिटिश चित्रपट-मासिकाने घेतलेल्या समीक्षकांच्या कौलात पहिला आला. अमेरिकन दिग्दर्शक जॉन फोर्डला दिग्दर्शनाची चार ऑस्कर मिळाली, पण ज्या काउबॉयच्या वेस्टर्नपटांशी त्याचे नाव कायमचे जोडले गेले, त्यांतल्या एकासाठीही नाही. हे सगळे खरे असले तरी ते सांगताना मी थोडी लबाडी करते, कारण हिचकॉक मोठा ठरला म्हणून मी मोठी ठरत नाही.

चार भयपटांनंतर मी हट्टाने एक कौटुंबिक चित्रपट केला. त्यात मुलगा भांडून घर सोडतो. रात्री आई त्याचे ताट झाकून ठेवते आणि अर्धवट उघड्या दाराकडे पाहत बसते. कॅमेरा तिच्या खांद्यामागे, शॉट चाळीस सेकंदांचा, पार्श्वसंगीत नाही. निवडक लोकांसाठी ठेवलेल्या पहिल्या खेळाला मी मागच्या रांगेत होते. शॉट निम्म्यावर आला असेल-नसेल, तोच समोरच्या बाईंनी पाय खुर्चीवर ओढून घेतले आणि कोणीतरी भीती लपवण्यासाठी हसले. दारातून कोणीही आले नाही. दिवे लागल्यावर निर्माते म्हणाले, "तुमची सवय काही जात नाही." दुसऱ्या दिवशी संकलनाच्या टेबलावर मी तो शॉट नऊ सेकंदांवर आणला. संकलकाने एवढेच विचारले, "नक्की?" मी नक्की म्हटले. चित्रपटाला 'संयत' असे प्रशस्तिपत्र मिळाले, आणि ते वाचताना मला लाज वाटली. मुलगा परत येणार नाही याची त्या आईला भीती होती की तो येईल याची, हे मी कापलेल्या एकतीस सेकंदांत होते. ते तेवढा वेळ धरून ठेवायला मला भयपटांनीच शिकवले होते, आणि नेमके तेच मी डाग समजून पुसून टाकले.

म्हणजे माझी बाजू सिद्ध झाली, असे मात्र नाही. विशीत मी एका लेखात लिहिले होते की, एकाच प्रकारात राहणारे दिग्दर्शक मुळात भित्रे असतात. त्या मुलीशी मी अजून भांडते. तिला जपानी दिग्दर्शक ओझूचे उदाहरण देते: मुलीचे लग्न, म्हातारे आईबाप, जमिनीलगतचा कॅमेरा, पुन्हा पुन्हा तेच, तो तर स्वतःला टोफू (सोयाबीनचे पनीर) करणाऱ्याची उपमा देत असे, टोफूवाला टोफूच करणार. त्यावर ती विचारते की, ओझूने ते निवडले होते, तुझे काय? तिसऱ्या भयपटानंतर माझ्याकडे दुसरे काही घेऊन कोणी आले नाही, आणि त्या नाइलाजाला मी व्रत म्हणू लागले, हे मला नाकारता येत नाही. चौथ्या चित्रपटातला आरशाचा दचका मी आधी दोनदा वापरलेला आहे. तो चालतो हे माहीत होते, म्हणूनच घेतला. त्याला कला म्हणण्याचे धाडस माझ्यात नाही.

आता सहाव्या चित्रपटाचे संकलन चालू आहे. भयपटच आहे. त्यातही एक दार आहे, शॉट या वेळी पुरा चाळीस सेकंदांचा ठेवला आहे आणि दारातून काहीही येत नाही. निर्मात्यांचा काल निरोप आला की, शेवटी काहीतरी यायला हवे.