लग्नंच लावायची होती, तर शिकलीस कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. एरवी मी हसून विषय बदलते. आत्याने विचारलं, बँकेतल्या साहेबांनी कर्जाचा अर्ज बाजूला सारून विचारलं, परवा हळदीच्या पंगतीत नवरदेवाच्या मामांनी बट्टीवर तूप ओतून घेता घेता विचारलं: "पुण्याला जाऊन इव्हेंट मॅनेजमेंट शिकलीस, एवढी फी भरली, आणि जळगावात येऊन करतेस काय? लग्नंच ना?" लगेच त्याच दमात, "आमच्या पोराला टाकू का त्या कोर्सला?" म्हणजे फुकट गेलेली फी पुन्हा एकदा भरायची तयारी आहेच.

हो, लग्नंच. आपल्याकडे लग्न भाऊबंद लावायचे. मांडव त्यांचा, वाढप त्यांचं, रुसलेल्या फुवांना, म्हणजे आत्याच्या नवऱ्यांना, मनवून आणणंही त्यांचंच. आता ते भाऊबंद पुण्यात आणि सुरतेत नोकरीला आहेत. सकाळच्या गाडीने भुसावळला उतरतात, अक्षता टाकतात, रात्रीच्या गाडीने परत. मधलं सगळं कुणीतरी करायला नको? ते मी करते आणि त्याचे पैसे घेते. लोकांना बहुतेक त्या पैशांचाच त्रास होतो.

कोर्समध्ये फुलं आणि रंगसंगती शिकवतात, असं सगळ्यांना वाटतं. शिकवतात. राजस्थानातल्या महालांतल्या लग्नांवर आम्हाला एक अख्खा पेपर होता, त्याचा मला आजवर काडीचा उपयोग झालेला नाही. पण त्याच कोर्समध्ये एका दुपारी सरांनी डबवालीचं प्रकरण काढलं. हरियाणातलं गाव, २३ डिसेंबर १९९५, शाळेचं स्नेहसंमेलन. कृत्रिम कापडाचा मांडव, विजेची ठिणगी, बाहेर पडायला एकच दार. ४००हून जास्त माणसं गेली, त्यात निम्म्याहून जास्त लेकरं. त्या दिवसापासून मी कुठल्याही मांडवात शिरले की आधी दुसरं दार शोधते. नातेवाइकांच्या लग्नातसुद्धा. आई वैतागते.

त्यात आपलं ऊन. १६ एप्रिल २०२३ला खारघरच्या मैदानात सरकारी पुरस्कार सोहळ्याला आलेली १४ माणसं उष्माघाताने गेली. तिथे पारा चाळिशीच्या आतच होता. आपल्याकडे मेमध्ये चव्वेचाळीस-पंचेचाळीस ही रोजची गोष्ट, आणि त्यात भर बाराला वरात काढायची, डीजेसमोर म्हाताऱ्यांना नाचवायचं. मी नाही म्हणते. मग मी शिष्ट. रात्री दहाला स्पीकर बंद करा म्हटलं तरी मी शिष्ट. तो नियम २००० सालापासून देशभर आहे, मी घरून आणलेला नाही.

आता खरं सांगायची गोष्ट.

यावलकडचं लग्न, मेचा शेवट, शेताला लागून मैदान. यजमानांना मांडव चारही बाजूंनी बंद हवा होता. एक तर कूलरची हवा टिकते, आणि दुसरं म्हणजे बाहेरचे लोक जेवायला घुसत नाहीत. मी मागच्या बाजूला दुसरं दार मागितलं. नाही म्हणाले. वधूच्या काकांशी तासभर वाद घालून ते ठेवून घेतलं, वर कागदावर त्यांची सहीही घेतली. सही मागितल्याचा त्यांना फार राग आला. एलईडीची मोठी भिंत स्टेजशेजारी, बायकांच्या बैठकीला लागून उभी करायची होती. ती मी मैदानाच्या टोकाला नेली, उंची कमी करून घेतली आणि पायाशी पाण्याने भरलेले ड्रम ठेवायला लावले. व्हिडिओवाला हसला. "मॅडम, लोकांना दिसणार कशी?" खरंच, मागच्या निम्म्या लोकांना दिसत नव्हती.

संध्याकाळी पंगत बसली आणि पश्चिमेकडचं आभाळ मातकट झालं. केळीवाल्यांना ते आभाळ ओळखू येतं. मंडपवाले आबा जेवत होते. शाळा चौथीपर्यंत, हयात बांबूत गेलेली. हात न धुता उठले आणि पोरांना ओरडले, "कनाता सोडा रे, वारं ई राह्यनं!" माझ्या फोनवरचा हवामानाचा अंदाज तेव्हाही कोरडाच होता. आबांची पोरं एकीकडून, आम्ही दुसरीकडून, दोऱ्या सोडत, जिथे सुटेना तिथे कापत गेलो. वारा आरपार निघाला म्हणून छत उचललं गेलं नाही. बंद मांडवात एका बाजूने शिरला असता तर सगळे बांबू घेऊन गेला असता. मागच्या दाराने मी बायका-मुलांना बाहेर काढलं. स्टेजची कमान मोडली, भाताच्या पातेल्यांत माती गेली. एका वाढप्याच्या हाताला लागलं. बाकी सगळे धड.

दुसऱ्या दिवशी हिशेबाला बसलो. यजमानांनी आबांना शाल दिली, द्यायलाच हवी होती. माझ्या बिलातून मोडलेल्या कमानीचे पैसे कापले. म्हणाले, "आबा होते म्हणून वाचलो. तुझ्या डिप्लोम्याने काय केलं सांग?"

मी ड्रमांबद्दल बोलले. दाराबद्दलही. ते म्हणाले, भिंत पडली कुठे? पडली नाही, तेच तर मी सांगत होते. पण न पडलेली भिंत पुरावा म्हणून दाखवणार कशी?

त्या वेळी माझी ठाम खात्री होती की भिंत स्टेजशेजारीच ठेवली असती आणि ड्रम नसते, तर ती बायकांवर आली असती. परतीच्या वाटेवर गाडीत मी हे मोठ्याने, एकटीच, कितीदा तरी बोलले. आज तितकी खात्री नाही. वारा पश्चिमेचा होता, स्टेजशेजारी भिंत असती तर तिला मांडवाचा आडोसा मिळाला असता, कदाचित हललीही नसती. मोकळ्या टोकाला नेऊन मीच तिला वाऱ्यात उभं केलं, असंही कुणी म्हणू शकेल. दाराबद्दल मात्र मी ऐकून घेणार नाही. चारही बाजूंच्या कनाता सुटल्या असत्या तर दाराची गरजच पडली नसती, असं आबाही एकदा म्हणाले. म्हणू देत. बायका बाहेर पडत होत्या तेव्हा मागची कनात अजून बांधलेलीच होती.

तेव्हापासून माझं प्रत्येक मोठं काम आबांकडे असतं. आभाळ कसं वाचायचं, ते मी त्यांना विचारते. ते सांगतात, पण मला अजून दिसत नाही. त्यांनी माझ्याकडून एकच गोष्ट घेतली, बयाण्याची पावती लिहून घेणं. दुसऱ्या दाराचा आग्रह यजमानाकडे अजूनही मलाच धरावा लागतो, कारण आबांच्या मते "मालक सांगी तसा मांडव".

तर पोराला कोर्सला टाकायचं का? आधी त्या कॉलेजात जाऊन विचारा, की मुलांना मांडवात किती उभं करता आणि वर्गात किती बसवता. नुसतेच फोटो दाखवले तर परत या. आणि फी भरण्याआधी पोराला एक अख्खा मे महिना माझ्याकडे पाठवा. पगार थोडा देईन, जेवण पोटभर. नंतर त्यालाच विचारा. बहुतेक तोही तुमच्यावर चिडेल.